वर्षअखेरीची कार्डं, रबरी ठसे आणि कागदाचं किडुकमिडुक: आत्तापासूनच सुरुवात करूया का?

कागदकपटे

दर वर्षी शेवटच्या आठवड्यात "या वेळी शुभेच्छापत्रं घरीच करायची होती गं" असं म्हणणारे खूप जण भेटतात, म्हणून हा धागा आधीच काढून ठेवतेय. रबरी ठसे, शाईच्या पॅड, जाडसर कागद, कात्री, पट्टी एवढ्यावरच बोलूया, डाय कटिंगची (साच्याने कागदाचे आकार कापायची) मशीनं वगैरे असतील त्यांनी वेगळा धागा काढा प्लीज, नाहीतर नवखी माणसं यादी बघूनच पळून जातात.

माझं मत पहिल्यांदाच सांगून टाकते म्हणजे भांडायला बरं. कार्ड बिघडतं ते ठसा साधा आहे म्हणून नाही, शाई आणि कागदाचं जमत नाही म्हणून. लोक ठसे जमवत सुटतात, चाळीस चाळीस डिझाइनं, आणि शाई मात्र घरात असेल ती, कागद मिळेल तो. उलटं करा. चांगले दोन-तीन ठसे, दोन प्रकारच्या शाया आणि एकाच जातीचा कागद भरपूर.

शाई ढोबळमानाने दोन जातीची. डाय शाई पातळ असते, कागदात मुरते, पटकन वाळते, पण उन्हात ठेवली की फिकट पडत जाते. पिगमेंट शाई दाट असते, कागदाच्या वर बसते, रंग भरीव दिसतो पण वाळायला वेळ लागतो, आणि चकचकीत कागदावर तर दुसऱ्या दिवशीसुद्धा बोट लागलं की फरकटते. त्यामुळे गुळगुळीत मॅट कागद असेल तर कुठलीही चालेल, ग्लॉसी असेल तर पिगमेंट नको, आणि खरखरीत हातकागद असेल तर बारीक रेघांचा ठसा नकोच, तिथे शाई फुटते आणि रेघा एकमेकीत मिसळतात. त्याला ठसठशीत, भरलेल्या आकाराचा ठसा लागतो, पान, तारा, झाडाची काळी सावली असं काहीतरी.

बाकी तुम्ही लिहा. फोटो टाका. कच्चे, फसलेले सगळे चालतील.

घडीवर_घडी

आला शेवटी कामाचा धागा. बसतोय इथेच.

निळीशाई

वाचनखूण साठवली. एक शंका आहे. माझ्याकडे ते पारदर्शक ठसे आहेत, ॲक्रिलिकच्या ठोकळ्याला चिकटवायचे असतात ते. नवेकोरे आहेत पण शाई लावली की थेंब थेंब होऊन गोळा होते, आणि कागदावर ठिपक्याठिपक्यांचा ठसा उमटतो. पॅड बदलून बघितली, तेच. ठसेच खराब निघालेत का?

कागदकपटे

खराब नाहीत, नवे आहेत म्हणून. साच्यातून काढताना त्यांच्यावर एक तुळतुळीत थर राहतो, त्यावर शाई टिकत नाही. पांढऱ्या खोडरबराने ठशाचा पृष्ठभाग अगदी हलक्या हाताने घासा, चकाकी गेली की थांबा. मग रद्दी कागदावर चार-सहा वेळा उमटवा, सुधारतो. पिगमेंट शाई मुळातच चिकट, ती तिथे डायपेक्षा बरी बसते.

आणखी एक, पारदर्शक ठशाच्या पोटात फोम नसतो. लाकडी मुठीच्या लाल रबराच्या ठशाला रबर आणि लाकडाच्या मध्ये फोमची गादी असते, म्हणून तो टेबलावर नीट उमटतो. पारदर्शकाला ती गादी आपण द्यायची, कार्डाखाली जुना माऊसपॅड ठेवा नाहीतर मासिक ठेवा. तेवढ्यानेच निम्मी तक्रार मिटते.

रविवारचा_माणूस

विषय आवडला पण एक प्रामाणिक प्रश्न, रागावू नका. हे सगळं प्रिंटरवर का काढू नये? एकदा डिझाइन केलं की पन्नास कार्डं दहा मिनिटांत, सगळी सारखी, शाई फुटायचा प्रश्न नाही. हाताने एक एक ठसा मारण्यात नक्की काय मिळतं?

तिरकी_रेघ

काढा की, कोण नको म्हणतंय. पण "आधी छापायचं आणि मग हाताने" हा प्रकार या कार्डांइतकाच जुना आहे. पहिलं छापील ख्रिसमस कार्ड १८४३ मधलं, लंडनमधलं. हेन्री कोल नावाच्या गृहस्थांना पत्रांची उत्तरं लिहायला वेळ नव्हता, त्यांनी जॉन कॉलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतलं आणि हजारेक प्रती छापल्या. तीनच वर्षं आधी, १८४० मध्ये, तिकडे एका पेनीत पत्र कुठेही पाठवायची सोय झाली होती, नाहीतर कार्ड पाठवायचं कोणाला सुचलंही नसतं. आता गंमत बघा, ते कार्ड शिळाछापावर नुसतं रेघांचं छापलं आणि रंग माणसांनी हाताने भरले. म्हणजे आपण करतो तेच, बाह्यरेघ ठशाची, रंग हाताचा. चित्रात एक कुटुंब जेवायला बसलंय आणि छोट्या मुलीच्या ओठाला वाइनचा पेला लावलाय, त्यावरून दारूबंदीवाले भडकले होते, तो वेगळाच किस्सा.

आणि रबरी ठसा तेव्हा शक्य होऊ लागला होता इतकंच. कच्चं रबर गरमीत चिकट होतं, थंडीत तडकतं. चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये गंधक आणि उष्णतेने ते टिकाऊ करायची युक्ती सापडली, पेटंट १८४४ चं. त्यानंतरच शिक्क्याचं रबर तयार करता आलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: प्रिंटरचं कार्ड आणि ठशाचं कार्ड शेजारी शेजारी ठेवा आणि तिरप्या उजेडात बघा. ठशाच्या शाईला कडा असते, कुठे दाट कुठे विरळ, पिगमेंट असेल तर बोटाला किंचित उंचवटा लागतो. प्रिंटरचं सपाट असतं. ज्याला फरक दिसत नाही त्याने खुशाल प्रिंट काढावी, मी सिरियसली म्हणतेय.

रविवारचा_माणूस

बरं बुवा, दिसतो का बघतो. आतला मजकूर मात्र प्रिंटरवरच काढणार, माझं अक्षर पाहून लोक शुभेच्छा परत करतील.

घडीवर_घडी

प्रिंटर आहेच तर मजकूर आधी छापून घ्या, ठसा नंतर. उलटं केलंत तर प्रिंटरच्या रोलरला ओली शाई लागेल आणि पुढच्या सगळ्या पानांवर तुमचा हरीण उमटत राहील.

आता माझा आवडता विषय, घडी. इथे कोणी बोलत नाही म्हणून जरा लांबण लावतो. ए४ जाड कागदातून सारख्याच आकाराची दोन कार्डं काढायच्या दोन पद्धती आहेत. एक, कागद आडवा कापून दोन ए५ करा आणि प्रत्येकाची मध्यावर घडी घाला. दोन, कागद उभा कापून दोन लांब पट्ट्या करा आणि पट्टी मध्यावर दुमडा. दोन्हीकडे कार्ड १०५ बाय १४८ मिलिमीटरच मिळतं. पण पहिल्याची घडी सुरेख बसते आणि दुसऱ्याची घडीवर तडकते, पांढरे तंतू दिसतात. कारण कागदाचे तंतू एका दिशेला असतात आणि ए४ मध्ये ते बहुतेक वेळा लांबीच्या दिशेने असतात. पहिल्या पद्धतीत घडी तंतूंच्या बाजूने जाते, दुसरीत तंतू आडवे मोडतात.

तुमच्या कागदाची दिशा कळत नसेल तर कागद मोडू नका, नुसता वाकवा, एकदा आडवा एकदा उभा. ज्या बाजूने सहज वाकतो त्या बाजूने घडी. हाताला लगेच कळतं, विशेषतः अडीचशे जीएसएमच्या (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) पुढे. कार्डाला २५० ते ३०० जीएसएम बरा, त्याहून पातळ असेल तर कार्ड उभं राहत नाही, सारखं लोळतं.

आणि घडी घालण्याआधी रेघ दाबायची. रिकामं बॉलपेन घ्या, रिफिल संपलेलं, पट्टी लावून एकदाच दाबून ओढा. कागद कापायचा नाही, फक्त खोलगट रेघ. आता इथे लोकांचं नेहमी उलटं होतं: रेघ ज्या बाजूने दाबली तिच्या विरुद्ध बाजूला उंचवटा येतो, तो उंचवटा घडीच्या आत गेला पाहिजे. म्हणजे रेघ कार्डाच्या बाहेरच्या बाजूने ओढायची. विश्वास बसत नसेल तर तुकड्यावर दोन्ही करून बघा.

बाराखडी

हे घडीचं आधी कोणी सांगितलं असतं तर! पट्ट्यांचीच कार्डं करत होते सगळे आमच्याकडे.

निळीशाई

मॅडम खोडरबराने झालं!! आता सलग उमटतो. पुढचा प्रश्न, रंग कशाने भरायचे? अल्कोहोल मार्करने भरला की काळी रेघ विरघळून रंगात पसरते, आणि जलरंगाने भरला तरी तेच.

तिरकी_रेघ

कारण दोन वेगवेगळी आहेत. अल्कोहोल मार्करमध्ये अल्कोहोल असतं, त्याने विरघळणारी शाई म्हणजे स्टेझऑन ब्रँडसारखी सॉल्व्हंट (पाण्याऐवजी द्रावकातली) शाई तिथे चालत नाही. मार्करसाठी पाण्यावर आधारलेली डाय शाई घ्या, मेमेंटो हा ब्रँड त्यासाठीच लोकप्रिय आहे, पूर्ण वाळू द्या मग रंग भरा. जलरंगाला नेमकं उलटं, तिथे पाण्याने न हलणारी शाई हवी, म्हणजे स्टेझऑन किंवा आर्काइव्हल. रंगीत पेन्सिलींना काहीही चालतं, शाई वाळलेली असली की झालं. मला विचाराल तर पेन्सिलीच घ्या. घाई करता येत नाही म्हणून काम आपोआप नीट होतं, आणि कागदाच्या मागे रंग उतरत नाही. मार्कर मागच्या बाजूला उतरतोच, मग आत काय लिहिणार?

कागदकपटे

मार्करवाल्यांनी चित्र वेगळ्या कागदावर रंगवून, कापून कार्डावर चिकटवावं, मागचा डाग लपतो. मागे फोम टेप लावली तर चित्र उचलून येतं, छान सावली पडते. फक्त पोस्टाने पाठवणार असाल तर जपून. पत्रं मशीनमधून जातात, फुगीर पाकीट अडकतं नाहीतर चिरडतं. हाताने द्यायची असतील ती जाड करा, पोस्टाची सपाट.

खोडरबर_काका

काय चाललंय इथे आणि मला कोणी बोलावलं नाही. ठसे आणता कशाला, कोरा की स्वतः. साधा पांढरा मोठा खोडरबर, एक लिनोचं कोरणं नाहीतर कटरचं नवीन पातं, बस.

चित्र ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने काढायचं, टूबी फोरबी असलं काही. ट्रेसिंग उलटं करून खोडरबरावर ठेवायचं आणि मागून नखाने किंवा चमच्याच्या पाठीने घासायचं, पेन्सिल खोडरबरावर उतरते, आणि उतरतानाच उलटी होऊन उतरते. म्हणजे अक्षरं असली तरी आपल्याला आरशात बघून उलटी काढत बसायला नको, ठसा मारला की सरळ येणार. मग पेन्सिलची रेघ ठेवायची आणि भोवतालचं काढून टाकायचं. पातं आत झुकवू नका, बाहेर झुकवा, म्हणजे रेघेला खाली रुंद पाया राहतो. आत झुकवलंत तर रेघ खालून पोकळ होते आणि दाब पडला की वाकते, ठसा जाड-बारीक यायला लागतो. कोरणं स्थिर ठेवा आणि खोडरबर फिरवा, वळणं आपोआप गोल येतात. कोरणाऱ्या हाताच्या पुढे दुसऱ्या हाताची बोटं ठेवू नका, हे सांगायला नको पण सांगतो.

पहिला ठसा एखादं पान काढा. पानाला चूक नसते, वेडंवाकडं पान हेही पानच. बर्फाचा कण पहिल्याच वेळी काढायला जाऊ नका, कंटाळून सोडाल.

बाराखडी

काका, कोरलेले ठसे ठेवायचे कशात? प्लास्टिकच्या डबीत ठेवले होते ते तळाला चिकटून बसलेत, डबीचं प्लास्टिकही वितळल्यासारखं झालंय.

खोडरबर_काका

होणारच. पांढरे खोडरबर बहुतेक पीव्हीसीचे असतात, त्यांना मऊ ठेवायला जे द्रव्य घातलेलं असतं ते हळूहळू बाहेर येतं आणि काही प्लास्टिक खातं. कंपासपेटीत खोडरबर पट्टीला चिकटलेला बघितलाय ना, तेच. म्हणून तर खोडरबराला कागदाचं वेष्टण असतं. ठसे कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात टाका, आणि पारदर्शक ठशांच्या शेजारी अजिबात नको.

उनाड

मी शाळेत हस्तकला घेते, चौथीची पोरं, एका वर्गात चाळीस. तिथे कोरणं बिरणं शक्य नाही, विकतचे ठसे पुरणार नाहीत. काही सुचवा. आणि शाई कपड्यांना लागली की पालक मला फाडून खातील.

कागदकपटे

धुऊन जाणारी म्हणून लिहिलेली पाण्याची शाई घ्या, पिगमेंट आणि सॉल्व्हंट वर्गात आणूच नका. पॅड नसेल तर ओला स्पंज सपाट झाकणात ठेवून त्यावर पातळ पोस्टर कलर पसरा, झाली पॅड.

ठसे घरातल्याच वस्तूंचे. पेन्सिलीच्या मागचा खोडरबर म्हणजे नेमका गोल ठिपका, त्याने बर्फ पडतो, फांदीवरची लाल फळं होतात, माळेतले दिवे होतात, सगळ्यात कामाचा ठसा तोच आहे खरं तर. ठोकळ्याला सुतळी गुंडाळली की पट्ट्यापट्ट्यांचं डिझाइन. खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा थर ओला करून सोलला की आतल्या नळ्या दिसतात, त्याचा ठसा म्हणजे लोकरीच्या स्वेटरची वीण. झाडाचं पान घ्यायचं तर पालथ्या बाजूला शाई लावायची, शिरा तिकडे उठावदार असतात. भेंडीचे ठसे आपण सगळ्यांनीच केलेत, ते फूल अजूनही तितकंच चांगलं येतं.

मुलांना एकच गोष्ट शिकवा, ठसा मारताना हलवायचा नाही. सगळी पोरं (आणि मोठी माणसंसुद्धा) नीट उमटावा म्हणून ठसा डावी-उजवीकडे डोलवतात, त्यानेच कडेची शाई लागून दुहेरी रेघ येते. सरळ खाली, तळव्याने दाब, सरळ वर. आणि ठसा पॅडवर रगडायचा नाही, हलके हलके टेकवायचा. ठसा मोठा असेल तर तो उताणा ठेवून पॅडच त्याच्यावर टेकवायची.

तिरकी_रेघ

उनाड, शाळेसाठी कागदी बर्फकण पण घ्या. मुलं करतात ते बहुतेक आठ टोकांचे असतात कारण आपण कागद अर्धा, पुन्हा अर्धा, पुन्हा अर्धा दुमडतो. खऱ्या बर्फकणाला सहाच टोकं असतात, पाण्याचे रेणू गोठताना षट्कोनी रचनेत बसतात म्हणून. विल्सन बेंटली नावाच्या अमेरिकन शेतकऱ्याने १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून बर्फकणाचा पहिला फोटो काढला आणि मग आयुष्यभर हजारोंनी काढले. चौथीच्या पोरांना हे सांगितलंत तर सहाच टोकं करायचा हट्ट धरतील.

कृती: चौरस कागद कर्णावर दुमडून त्रिकोण. लांब बाजूचा मध्य खूण करा. त्या मध्यावरून डावी बाजू आणि उजवी बाजू एकावर एक अशा दुमडा की तीन सारखे भाग होतील, प्रत्येकी साठ अंशांचे. मग अजून एकदा मधोमध. वरची टोकं कापून टाका आणि कडांना नक्षी कापा. कागद पातळ, ७०-८० जीएसएमचा, नाहीतर बारा थर कापताना कात्री घसरते.

आता हा कण चिकटवू नका, वापरा. कार्डावर ठेवा, एका हाताने दाबून धरा आणि स्पंजने निळी शाई कडेकडून आत थोपटा. कण उचलला की खाली पांढरा बर्फकण. एकाच कणात अख्ख्या बाकाची कार्डं होतात.

उनाड

हे भारी आहे. चाळीस पोरांना पाच कण पुरतील. थँक्यू थँक्यू.

निळीशाई

काळ्या कागदावर पांढरा ठसा कसा उमटवायचा? पांढरी पॅड वापरली, राखाडी दिसतंय.

कागदकपटे

नुसत्या पांढऱ्या शाईने दुधाळ पांढरा कधीच येत नाही, वाळताना ती अंगात जिरते. तिथे एम्बॉसिंग पावडर लागते, तापवली की वितळून उठाव देणारी. आधी कार्डावर कोरडी टाल्कची पुरचुंडी फिरवून घ्या, म्हणजे पावडर भलतीकडे चिकटत नाही. मग वॉटरमार्क (रंग नसलेली चिकट) किंवा कुठल्याही पिगमेंट शाईने ठसा, ओला असतानाच वर पांढरी पावडर भुरभुरवा, कागद झटकून उरलेली पावडर कागदाच्या घडीतून परत बाटलीत. इकडे तिकडे राहिलेले कण कोरड्या ब्रशने काढा, आत्ताच काढा, वितळल्यावर निघत नाहीत.

मग हीट गन, म्हणजे कडक गरम हवा सोडणारं यंत्र. आधी हवेत दहा-पंधरा सेकंद तापवून घ्या, मग कागदावर आणा. आता बघत राहायचं: पावडर आधी साखरेसारखी कोरडी, दाणेदार दिसते, मग एका कोपऱ्यात अचानक ओलसर चमक येते आणि ती चमक रेघेरेघेने पुढे सरकत जाते. चमक आली की तिथून गन लगेच पुढे. जास्त तापवलं तर उठाव बसतो, पावडर कागदात तेलासारखी मुरते आणि कडेला डाग दिसतो.

रविवारचा_माणूस

हेअर ड्रायर चालेल का? गन घ्यायची इच्छा नाही.

कागदकपटे

नाही. तो तितका तापत नाही आणि वारा एवढा की पावडर उडून टेबलावर. त्यापेक्षा इस्त्री पूर्ण तापवून उताणी पकडा कुणाकडून तरी, आणि कार्डाची पाठ तिच्याजवळ धरा, चिमट्याने. खालून उष्णता लागली तरी वितळते. लहान मुलं जवळ नकोत.

घडीवर_घडी

पाकिटांचं कोणी विचारलंच नाही अजून. कार्ड झालं आणि त्याला पाकीट नाही अशीच सगळ्यांची अवस्था असते. विकतचं हवं तर वर सांगितलेल्या कार्डाला सी६ पाकीट बसतं, ११४ बाय १६२ मिलिमीटर. घरी करायचं तर हिशोब लिहून घ्या: कार्डाची लांबी आणि रुंदी यांची बेरीज, गुणिले ०.७, अधिक दोन सेंटिमीटर. तेवढ्या बाजूचा चौरस कापा. आपल्या कार्डाला १०.५ आणि १४.८ ची बेरीज २५.३, ०.७ ने गुणून साधारण १७.७, अधिक २, म्हणजे वीस सेंटिमीटर धरा. ए४ ची रुंदी एकवीस, म्हणजे एका कागदात एक पाकीट बसतं.

कार्ड चौरसावर तिरपं ठेवा, चारी कोपरे आत दुमडा. कोपरे जिथे एकमेकांना भेटतात तिथे घडीवर छोटा त्रिकोण कापून टाकायचा, नाहीतर पाकिटाच्या कोपऱ्यात कागदाचा गोळा होतो. आधी बाजूचे दोन, मग खालचा चिकटवा, ग्लू स्टिकने. पातळ गोंदाने कागद सुरकुततो. कागद ८०-१०० जीएसएम पुरे, जाड नको.

बाराखडी

जुन्या कॅलेंडरच्या पानांची पाकिटं या हिशोबाने करून बघितली, मस्त बसतात. पत्ता लिहायला वरून पांढरी चिठ्ठी चिकटवली.

रविवारचा_माणूस

तिरप्या उजेडात बघितलं. दिसतो फरक. ठीक आहे, हरलो. एक झाडाचा आणि एक ताऱ्याचा ठसा आणलाय. आता पानभर झाडं मारू का जंगल करू?

तिरकी_रेघ

जंगल करा पण तीन शेडमध्ये, शाई एकच. पहिला ठसा पॅडमधून काढून थेट कार्डावर, गडद. पुन्हा शाई लावा, या वेळी आधी रद्दीवर एकदा मारा आणि उरलेल्या शाईने कार्डावर, फिकट. रद्दीवर दोनदा मारून मग कार्डावर मारलात तर अजून फिकट. फिकट झाडं वर, गडद खाली, धुकं पडल्यासारखं दिसतं आणि कोणालाही वाटतं तुम्ही तीन शाया वापरल्या. झाडं एकमेकांच्या मागे दाखवायची असतील तर पुढचं झाड आधी मारा, तेच झाड चिकट नोटच्या कागदावर मारून कापून घ्या, चिकट पट्टी झाडावर येईल अशी, ते पुढच्या झाडावर झाकण म्हणून लावा आणि मग मागचं झाड त्याच्यावरून खुशाल मारा. झाकण काढलं की मागचं झाड मागेच.

कागदकपटे

माझं याला अनुमोदन नाही. पहिल्या कार्डावर एकच झाड. खाली, डावीकडे, कडेपासून थोडं आत, आणि बाकी अख्खं कार्ड रिकामं. एक तारा वर. लोकांना रिकाम्या जागेची भीती वाटते म्हणून भरत जातात, मग मजकूर कुठे बसवायचा ते कळत नाही.

तिरकी_रेघ

हे तुमचं दर वर्षीचं आहे. रिकामं कार्ड दिसतं तेवढं सोपं नसतं, एकच ठसा असेल तर तो वाकडा पडला की सगळं कार्ड वाकडं. जंगलात एक झाड वाकडं असलं तर कोण बघतंय? नवीन माणसाला जंगलच सोपं.

खोडरबर_काका

दोघींचं बरोबर आहे आणि दोघी आता थांबा.

सरळ उमटवायचा उपाय सांगतो. पारदर्शक प्लास्टिकचा एक तुकडा घ्या, त्याचा एक कोपरा काटकोनात नीट असला पाहिजे. ठसा आधी त्या प्लास्टिकवर उमटवा, ठोकळा कोपऱ्याला टेकवून. आता प्लास्टिक कार्डावर ठेवून हलवा, चित्र हवं तिथे आलं की कोपऱ्याला काटकोनी पट्टी लावून धरा, प्लास्टिक काढा, ठोकळा पट्टीच्या त्याच कोपऱ्याला टेकवून ठसा मारा. नेमका तिथेच पडतो. लाकडी ठोकळ्याला हे लागतंच, कारण आरपार दिसत नाही.

निळीशाई

शेवटचं विचारते. ठसे पुसायचे कशाने? सॅनिटायझर चालेल?

कागदकपटे

पाण्याच्या शाईला ओलं फडकं पुरतं, न जमलं तर थेंबभर साबण. सॅनिटायझर नको, आणि सॉल्व्हंट शाईचा क्लीनरही पारदर्शक ठशाला नको, ढगाळ होतात. लाल रबराला तो क्लीनर चालतो. लाकडी मुठीचा ठसा पाण्यात बुडवून ठेवू नका, गादी सुटते. पुसून झाले की उन्हात वाळत घालू नका, पारदर्शक पिवळे पडतात आणि रबर कडक होतं. सावलीत, पालथे नाही, उताणे.

डाग राहिला तर राहू दे. काळ्या शाईचा डाग पारदर्शक ठशाला कायमचा बसतो, पुढच्या रंगात उतरत नाही.

रविवारचा_माणूस

एक झाड, एक तारा, बाकी रिकामं, असं एक केलंय आणि एक जंगल. फोटो रात्री टाकतो. जंगलात झाकण उचलताना थोडा कागद सोलला गेला, चिकट नोट जास्त चिकट होती की काय.

तिरकी_रेघ

लावायच्या आधी ती दोन-तीनदा कपड्याला चिकटवून काढा. चिकटपणा कमी होतो, मग सोलत नाही.